हा ओरिजिनल आहे का?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहून टाकतो. दिवाळीला येणारे, गणपतीला येणारे, एसी दुरुस्त करायला आलेला मुलगा, सगळे चपला काढून आत येतात, सोफ्यामागच्या भिंतीवरच्या फोटोकडे बघतात आणि म्हणतात, "वा! ओरिजिनल आहे का हा?" मी नाही म्हटलं की पुढचा प्रश्न किमतीचा. किंमत सांगितली की शांतता. मग कुणीतरी सांगतंच, की हा फोटो नेटवर फुकट मिळतो, कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला दोनशे रुपयांत काढून देईल.

मिळतो. देईल. मी काही वेडा नाही.

फोटो अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर निघालेल्या शॅकलटनच्या 'एन्ड्युरन्स' जहाजाचा. वेडेल समुद्रात जानेवारी १९१५पासून बर्फात रुतलेलं जहाज, २७ ऑगस्टच्या रात्री. मोहिमेचा फोटोग्राफर फ्रँक हर्ली, त्यानं बर्फाच्या उंचवट्यांमागे वीसेक ठिकाणी फ्लॅश पावडर उडवून तो काढला, आणि त्या लखलखाटानं स्वतःचेच डोळे दिपल्यामुळे अंधारात ठेचकाळत फिरला. दोरांवर हिमाचा थर, मागे मिट्ट काळोख. भुताचं जहाज म्हणा हवं तर, आमची नात तेच म्हणते.

माझ्याकडचा प्लॅटिनम प्रिंट आहे. म्हणजे मूळ काचेच्या प्लेटचं, म्हणजे हर्लीच्या निगेटिव्हचं, स्कॅन, त्यावरून भिंतीवरच्या मापाची फिल्म, आणि सुती कागदावर प्लॅटिनम-पॅलेडियमचे क्षार ब्रशनं लावून त्या फिल्मखाली अतिनील प्रकाशात काढलेली प्रत. चित्र वरच्या थरात बसत नाही, कागदाच्या धाग्यांत उतरतं, म्हणून चकाकत नाही. जवळ जा, काळा रंग भिजवून सुकवलेल्या पाटीसारखा दिसेल. हर्ली १९६२ साली गेला, त्यानं हा कागद पाहिलेलासुद्धा नाही. तेव्हा ओरिजिनल? नाही. पूर्वी मी पाहुण्यांना थाटात सांगायचो, "थेट हर्लीच्या निगेटिव्हवरून!" त्या 'थेट'मध्ये एक स्कॅनर आणि एक कॉम्प्युटर लपलेला होता, आणि ते मला चांगलं माहीत होतं.

आता फ्रेमचं सांगतो, कारण राग तिथला आहे.

प्रिंट लंडनहून भाच्यानं आणला, नळकांड्यात गुंडाळून, विमानात मांडीवर धरून. चारही बाजूंना चार-चार बोटं कोरा समास. खालच्या समासात पेन्सिलीनं आवृत्तीतला क्रमांक, म्हणजे ठरावीक प्रतींपैकी ही कितवी ते, आणि बोट फिरवलं तर लागेल असा उठावाचा शिक्का. मी तो फ्रेमवाल्याकडे दिला. चांगला माणूस, आमच्या लग्नाचा फोटोही त्यानंच बसवलेला. मी सांगितलं, काच आणि कागद चिकटू देऊ नका, मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, घाला, पावसाळ्यात बुरशी येते. त्यानं सगळं लिहून घेतलं. समास कापू नका हे सांगायचं मला सुचलं नाही. कोण सांगतं?

आठ दिवसांनी गेलो. फ्रेम सुंदर होती. मी खाली बघितलं, मग वर, मग परत खाली. "समास?"

"काका, पांढरं फार होतं बाजूनं. कापून टाकलं. आता कसं भरल्यासारखं दिसतं."

मला बोलता येईना. नंतर बोललो ते नको इतकं बोललो, दुकानातल्या दोन बायका बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. तो बिचारा कात्रणांच्या खोक्यात हात घालून शोधत राहिला. वरची पट्टी त्यानं दुसऱ्या कुणाच्या फ्रेमचं माप लिहायला वापरली होती. खालची मिळाली, शिक्क्यावरच दुमडलेली, क्रमांक मात्र शाबूत. त्यानं पैसे घेतले नाहीत. मी बळेच टेबलावर ठेवले, आणि ते चांगुलपणानं नाही, रागानं.

घरी येऊन महिनाभर ती फ्रेम मी भिंतीकडे तोंड करून ठेवली. हिनं विचारलं, "चित्रातलं काही गेलंय का?" नाही. एकही दोर गेला नव्हता. मग मी रडत कशासाठी होतो? ज्या क्रमांकाचा प्लॅटिनमशी, काळ्याशी, हर्लीशी काडीचा संबंध नाही, त्या क्रमांकासाठी. म्हणजे मी पाहुण्यांहून वेगळा नव्हतोच. मलाही ओरिजिनलच हवा होता, फक्त जरा महागड्या शब्दांत.

हर्लीचंच घ्या. जहाज चिरडलं गेल्यावर त्यानं कमरेपर्यंत कपडे काढून बर्फाळ पाण्यातून प्लेटांचे डबे वर काढले. मग तो आणि शॅकलटन बर्फावर बसून निवड करत गेले. सुमारे १२० ठेवल्या आणि सुमारे ४०० तिथेच फोडल्या, पुन्हा मोह नको म्हणून. मी चार बोटं कोऱ्या कागदासाठी महिनाभर जेवणात लक्ष न देणारा माणूस. पण हाच हर्ली पुढे काय करतो? २४ एप्रिल १९१६ला, खलाशी अडकले होते त्या एलिफंट बेटावरून मदत आणायला निघालेल्या बोटीला मागे राहिलेले लोक हात हलवून निरोप देताहेत, तो फोटो फेरफार करून ३० ऑगस्टच्या सुटकेचा म्हणून दाखवतो. ज्याच्या हाताचं म्हणून आपण जीव टाकतो, त्याला स्वतःला ते इतकं पवित्र वाटत नव्हतं. हे कळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कापायचा हक्क त्याचा होता, फ्रेमवाल्याचा नव्हता, असं मी अजूनही भांडतो. मग वाटतं, प्लॅटिनमवर छापणाऱ्यांना तरी तो कुणी दिला?

तर, दोनशे रुपयांचा प्रिंट काढा, खुशाल लावा, मी नावं ठेवणार नाही. (ठेवीन, पण तुम्ही गेल्यावर.) खालची पट्टी कपाटात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आहे, वीजबिलांच्या वर. ही म्हणते, फ्रेमच्या मागे चिकटवून टाका एकदाची. मी चिकटवलेली नाही. ओरिजिनल आहे का, असं कुणी विचारलं की हल्ली मी म्हणतो, थांबा, पट्टी दाखवतो. अजून कुणी थांबलेलं नाही.