यॉकिओगेनीच्या काठाने: पिट्सबर्ग ते कंबरलँडची सायकलवाट

पेनसिल्व्हेनिया राज्याच्या नैर्ऋत्य भागातून यॉकिओगेनी नावाची नदी डोंगर कापत वाहते. एवढे लांबलचक नाव स्थानिक लोकही क्वचितच घेतात. ते तिला नुसते ‘यॉक’ म्हणतात आणि मीही पुढे तेच म्हणणार आहे. या नदीच्या काठाने पूर्वी जे लोहमार्ग धावत, त्यांच्याच भरावावरून आज ‘ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेज’ ही सायकलवाट जाते. पिट्सबर्गपासून मेरीलँडमधील कंबरलँडपर्यंतच्या या वाटेची लांबी सुमारे 240 किलोमीटर असून तिच्यावर मोटारींना मज्जाव आहे. ओहायोपाईलजवळचा पहिला टप्पा 1986 मध्ये खुला झाला आणि पिट्सबर्गकडचा शेवटचा दुवा 2013 मध्ये जोडला गेला. मधल्या काळात अनेक छोट्या संस्थांनी आणि गावोगावच्या स्वयंसेवकांनी एकेक पूल, एकेक तुकडा पदरात पाडून घेत ही वाट सलग केली.

या वाटेवरचे सर्वांत देखणे ठिकाण म्हणून ओहायोपाईलचे नाव घेतले जाते. बहुतेक लोक मोटारीच्या मागे सायकली अडकवून थेट तिथे जातात, दोन-तीन तास फिरतात आणि परततात. पिट्सबर्गला शिकणारा माझा भाचा याच मताचा होता. “मावशी, खालच्या भागात जुन्या खाणी सोडून काहीच नाही गं, ओहायोपाईलपासूनच सुरू करू या,” असे त्याचे म्हणणे पडले. मी मात्र खालून, बॉस्टन नावाच्या लहानशा गावापासून (मोठ्या बॉस्टनशी याचा काही संबंध नाही) निघण्याचा आग्रह धरला. जी वाट रेल्वेने घातली, ती रेल्वे कशासाठी आली होती हे ठाऊक नसताना नुसता धबधबा पाहणे मला अपुरे वाटत होते.

पिट्सबर्ग शहरातील वाट डांबरी आहे. खरी कच्ची वाट नंतर सुरू होते. कच्ची म्हणजे खाचखळग्यांची नव्हे. चुनखडीची बारीक कच पसरून, पाणी मारून ती इतकी घट्ट दाबलेली असते की कोरड्या दिवशी टायरखाली एक अखंड करकर ऐकू येते आणि सायकल विनासायास पळत राहते. पाऊस पडून गेला की हीच कच करड्या लगद्यासारखी चौकटीला, ब्रेकला आणि साखळीला चिकटते आणि मुक्कामी पोहोचल्यावर जेवणाआधी बादलीभर पाणी शोधावे लागते. सुदैवाने आमच्या वाट्याला ऑक्टोबरचे कोरडे, थंड ऊन आले होते.

बॉस्टनपासून प्रवाहाच्या उलट दिशेने निघाले की डावीकडे नदी आणि उजवीकडे टेकडीचा कडा, अशी वाट कितीतरी वेळ जाते. पलीकडच्या काठावरचा लोहमार्ग अजून चालू आहे. त्यावरून शंभरेक डब्यांच्या मालगाड्या धडधडत जातात. ब्यूना व्हिस्टाच्या अलीकडे कड्यावरून झिरपणाऱ्या पाण्याने खडक चक्क नारिंगी झालेला दिसतो. भाच्याने उतरून त्यावर बोट फिरवले, तर बोटाला गंजासारखा ओलसर साका लागला. कोळशाच्या थरांत लोह आणि गंधक यांचे खनिज असते. खाण बंद पडून तिच्यात पाणी साचले की त्या खनिजाशी हवेचा आणि पाण्याचा संबंध येऊन आम्ल तयार होते, लोह त्यात विरघळते आणि उघड्यावर येताच गंजून खाली बसते. खाणमालक केव्हाच निघून गेले, कामगारांच्या पिढ्या सरल्या. हे पाणी मात्र अजून थांबलेले नाही. सुंदर म्हणावे की कुरूप, हे मला तिथे उभे राहून ठरवता आले नाही.

वेस्ट न्यूटनच्या पुढे व्हॅन मीटरपाशी डार खाणीची जागा लागते. 19 डिसेंबर 1907 रोजी तिथे झालेल्या स्फोटात 239 माणसे मृत्युमुखी पडली. जुन्या दिनदर्शिकेनुसार त्या दिवशी सेंट निकोलसचा सण होता. त्यामुळे पूर्व युरोपातून आलेले अनेक कामगार खाणीत न उतरता चर्चमध्ये गेले होते आणि तेवढ्यापुरते वाचले. त्याच महिन्यात शेजारच्या वेस्ट व्हर्जिनियातील मोनोंगा इथेही याहून मोठा स्फोट झाला होता. अशा दुर्घटनांनंतर 1910 मध्ये संघराज्य सरकारने खाणींच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र खाते उभे केले. आज तिथे झाडी इतकी माजली आहे की ठाऊक नसेल तर माणूस सहज पुढे निघून जाईल. भाचा इथे बराच वेळ गप्प होता. खाली पाहण्यासारखे काही नाही, हे त्याचे वाक्य नंतर मी पुन्हा ऐकले नाही.

कॉनेल्सव्हिल हे एकेकाळी कोक भट्ट्यांचे माहेरघर होते. कोक म्हणजे दगडी कोळसा भट्टीत भाजून केलेले, लोखंड-पोलादाच्या कामाचे इंधन. या परिसरातला कोळसा कोक करण्यासाठी उत्तम असल्याने घुमटाकार भट्ट्यांच्या रांगाच्या रांगा इथे रात्रंदिवस पेटत. तो कोक पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यांना जात असे आणि उद्योगपती हेन्री क्ले फ्रिक यांची संपत्ती त्यावरच उभी राहिली. नदीकाठाने लोहमार्ग आला तो या मालासाठी. वाफेच्या इंजिनाला जड गाडी घेऊन तीव्र चढ चढवत नसे, म्हणून अभियंत्यांनी डोंगर फोडून आणि भराव घालून चढ अगदी मंद ठेवला. त्या हिशेबाचा फायदा आज सायकलवाल्यांना मिळतो. कॉनेल्सव्हिलपासून ओहायोपाईलपर्यंत सुमारे 27 किलोमीटरमध्ये जेमतेम 100 मीटरच्या आसपास चढ आहे. पाय भरून येत नाहीत, मात्र पेडल मारणे थांबवले की सायकल हळूहळू मंदावते आणि तेवढ्यावरूनच आपण चढतो आहोत हे कळते.

या टप्प्यात दरी अरुंद होते आणि गावे संपतात. ओक आणि मेपलची पाने पिवळी-तांबडी झाली होती. हेमलॉकचे सूचिपर्णी वृक्ष आणि ऱ्होडोडेंड्रॉनची दाट जाळी तेवढी हिरवी राहिली होती. खाली नदी खडकांवरून फेसाळत होती आणि तिच्यात रबरी तराफे घेऊन उतरलेल्या लोकांचा आरडाओरडा वरपर्यंत येत होता.

ओहायोपाईलला यॉक एक मोठा वळसा घेते आणि त्या वळशात फर्नक्लिफ नावाचे द्वीपकल्प अडकले आहे. लोहमार्गाने नदीच्या मागे न फिरता या द्वीपकल्पाचा गळा सरळ कापला, त्यामुळे थोड्याच अंतरात एकच नदी दोनदा ओलांडावी लागते. त्यांतला उंच पूल पाण्यापासून सुमारे 30 मीटर वर आहे. तिथून दिसणाऱ्या दरीची छायाचित्रे सर्वांनीच पाहिलेली असतात आणि तरीही ती कमी पडतात, हे कबूल करायला हवे. गावातला धबधबा उंचीला फार नाही, सहा मीटरच्या आसपास असेल. पण नदीचे संपूर्ण पाणी एकदम कोसळत असल्याने त्याचा दरारा मोठा. 1754 मध्ये तरुण जॉर्ज वॉशिंग्टन जलमार्गाच्या शोधात या नदीवरून इथवर आले होते आणि हा प्रपात पाहून त्यांना तो बेत सोडून द्यावा लागला.

पुढे कॉन्फ्लुअन्स या गावी यॉकला कॅसलमन नदी आणि लॉरेल हिल क्रीक येऊन मिळतात. इथे वाट यॉकचा निरोप घेऊन कॅसलमनचा काठ धरते. वरचा भाग मोकळा, वाऱ्याचा आणि पवनचक्क्यांचा आहे. सॅलिसबरीचा 1,908 फूट लांबीचा पूल आणि बिग सॅव्हेजचा 3,294 फूट लांबीचा बोगदा ही त्यातली मोठी आकर्षणे. एरवी खोऱ्यातल्या वाटेइतका मला तो भावला नाही. सर्वांत उंच ठिकाण 2,392 फुटांवर आहे. तिथून एका बाजूचे पाणी मेक्सिकोच्या आखाताकडे, तर दुसऱ्या बाजूचे अटलांटिककडे जाते. त्यानंतर कंबरलँडपर्यंत सुमारे 38 किलोमीटर उतारच उतार. बोरघाटात रेल्वेचा चढ 37 फुटांमागे 1 फूट असा आहे. इथला उतार त्यापेक्षाही सौम्य, साधारण 57 फुटांमागे 1 फूट आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. अगदी बारीक टायरची शर्यतीची सायकल नको. 35 मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर असले की पुरे. मैलांचे दगड कंबरलँडपासून मोजलेले आहेत, म्हणून पिट्सबर्गकडून जाताना आकडे कमी होत जातात. बिग सॅव्हेज बोगद्याचे दरवाजे हिवाळ्यात, साधारण डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत बंद असतात. परतीसाठी कंबरलँडहून अ‍ॅमट्रॅकची, म्हणजे अमेरिकेच्या प्रवासी रेल्वेसेवेची, गाडी आहे; ती कॉनेल्सव्हिललाही थांबते आणि पिट्सबर्गला रात्री उशिरा पोहोचवते. तिच्यात सायकलींच्या जागा मोजक्याच असतात, तेव्हा आपल्या तिकिटाबरोबर सायकलचेही आरक्षण आधीच करून ठेवावे.