ऊन लागलं, ताप उतरला, पण हार्टचं काय?

मी अकोल्यात इको टेक्निशियन आहे, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करते, तेरा वर्षं झाली. रिपोर्टवर सही सरांची असते पण प्रोब माझ्या हातात असतो, रोज वीस-पंचवीस हार्ट बघते. तरी गेल्या मे महिन्यात उष्माघात झालेल्या माझ्याच मामेभावाचा इको करताना मी चुकले, आणि का चुकले हे समजून घ्यायला मला पुढचे दोन-तीन महिने लागले. ते सगळं लिहून काढतेय. लांबेल, पण ज्यांच्या घरात भरतीची तयारी करणारं पोरगं-पोरगी आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

भाऊ २२ वर्षांचा. पोलीस भरतीचं ग्राउंड, १६०० मीटर ५ मिनिट १० सेकंदात काढलं की २० पैकी २० मार्क, बस्स एवढंच डोक्यात. आदल्या दिवशी लग्नातलं खाऊन जुलाब झाले होते, रात्री झोप नाही, आणि चार दिवस सुट्टी झाली म्हणून संध्याकाळी पाचला ग्राउंडवर गेला. अकोल्याचा मे, पारा ४४. आधी ५ किलोमीटर, मग ट्रायलवर ट्रायल. तिसऱ्या ट्रायलला शेवटच्या वळणावर तो लेन सोडून आडवाच पळायला लागला, मित्रांनी हाक मारली तर काहीतरी भलतंच बोलला आणि पडला. घाम भरपूर होता. हे मुद्दाम सांगतेय कारण उष्माघात म्हणजे कोरडी ठाक कातडी असं सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. ते घरात-उन्हात बसून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत बरेचदा खरं असतं, पळणाऱ्या तरुणाला मात्र घामाने निथळत असताना उष्माघात होऊ शकतो. खरी खूण दोनच, आतलं तापमान ४० सेल्सिअसच्या वर आणि माणूस बरळतोय, भांबावलाय किंवा शुद्धीत नाही.

पोरांनी कांदा हुंगवला, तोंडावर पाणी मारलं, गाडी शोधली. दवाखान्यात पोचायला चाळीस मिनिटं गेली. काखेत थर्मामीटर लावला तर १०२ फॅरनहाइट, म्हणजे साधा ताप वाटावा एवढंच, पण कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी गुदद्वारातून मोजलं तेव्हा १०६ च्या जवळ निघालं. मग बर्फ, ओल्या चादरी, पंखे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला फॉलमाउथ नावाची ऑगस्टमधली रेस आहे, ७ मैलांची, तिथे १८ वर्षांत असे २७४ रुग्ण झाले आणि एकही गेला नाही, कारण शर्यत संपते तिथेच बर्फाच्या पाण्याचे टब तयार असतात आणि आधी थंड करा मग हलवा हा नियम कोणी मोडत नाही. आमच्याकडे ग्राउंडवर टब सोडा, बर्फाची लादीसुद्धा नव्हती. ते चाळीस मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत.

आता माझं काम. हार्टच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन वाढलेलं आलं, ईसीजीच्या रेघेत बदल दिसले, कोणीतरी अटॅक हा शब्द उच्चारला आणि मामी मटकन खालीच बसली. मला बोलावलं. भाऊ बडबडत होता, हात बांधलेले, हार्ट रेट १४८. मी प्रोब ठेवला. डावा कप्पा लहानसा, इतका जोरात आकुंचन पावत होता की आतल्या भिंती एकमेकींना टेकत होत्या. खालून रक्त आणणारी मोठी शीर, आयव्हीसी, चपटी पडलेली. ईएफ, म्हणजे दर ठोक्याला कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर गेलं तो आकडा, ७० आला. मी लिहिलं, नॉर्मल एलव्ही फंक्शन, म्हणजे डाव्या कप्प्याचं काम नीट. बाहेर येऊन मामीला सांगितलं की हार्ट एकदम ठणठणीत आहे.

छत्तीस तासांनी सर म्हणाले परत कर, पाय सुजलेत आणि ऑक्सिजन थोडा कमी येतोय. तोवर सहा लिटरच्या आसपास सलाईन गेलं होतं. हार्ट रेट १०४. तोच कप्पा आता भरलेला दिसत होता आणि त्याच्या भिंती सगळीकडून सारख्या मंद हलत होत्या. ईएफ ४२. मी तीनदा मोजलं, दुसऱ्या व्ह्यूमध्ये मोजलं, ४२ च.

मग दीड दिवसात हार्ट बिघडलं का? नाही. पहिल्या दिवशीसुद्धा ते आजारीच असणार, मला दिसलं नाही. कारण ईएफ हा आकडा हार्टच्या ताकदीचा नाही, आत आलेल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर गेलं त्याचा आहे. कप्प्यात मुळात रक्तच कमी आलं असेल आणि पुढे सगळ्या रक्तवाहिन्या उष्णतेने सैल पडल्या असतील तर अशक्त हार्टसुद्धा ते थोडंसं रक्त सहज बाहेर ढकलतं आणि टक्केवारी झकास येते. त्यात ॲड्रिनॅलिनचा चाबूक वरून चालूच. पाणी भरलं, चाबूक उतरला, मग खरं रूप दिसलं.

आणि त्या हार्टवर केवढा भार होता बघा. शांत बसलेल्या माणसाचं हार्ट मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फिरवतं. प्रचंड उष्णतेत एकट्या कातडीलाच ७-८ लिटर लागू शकतं, अंग थंड करायला. त्याच वेळी पळणारे स्नायू त्याच्या दुप्पट-तिप्पट मागतात. आणि घामाने मूळ रक्ताचं पाणीच कमी झालेलं. दोन्हीकडून ओढाताण होते, दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त घटतं आणि ते भरून काढायला ठोके वाढत जातात. शेवटी आतड्याकडचं रक्त इतकं तोडलं जातं की आतड्याचं अस्तर गळायला लागतं, तिथल्या जंतूंचं विष रक्तात उतरतं, सगळ्या अंगात सूज पेटते. उष्णतेने पेशीतली प्रोटीन्स बिघडतात. स्नायू फुटून पोटॅशियम बाहेर येतं. भावाचं सीपीके, म्हणजे स्नायू फुटल्यावर रक्तात येणारं एन्झाइम, चाळीस हजारांवर होतं, लघवी काळ्या चहासारखी. हार्ट हाही स्नायूच आहे ना.

अटॅक नाही हे इकोवरून बऱ्यापैकी लक्षात येतं. अटॅकमध्ये एक रक्तवाहिनी तुंबते, मग तिच्या हद्दीतला तेवढाच भाग हलत नाही, बाकीचं हार्ट नेटाने काम करतं. इथे पूर्ण हार्ट सारखंच दमलेलं. पण नेहमीच असं सरळ नसतं, उष्माघातात कधी कधी एखादाच भाग ढिला दिसतो, कधी टोकाचा भाग फुग्यासारखा फुगतो, ज्याला ताकोत्सुबो म्हणतात, म्हणून सर लगेच अँजिओग्राफीकडे गेले नाहीत आणि रोज इको करायचा ठरला. मी रोज करत होते. चौथ्या दिवशी ४८, आठव्या दिवशी ५५.

आठव्या दिवशी ५५ म्हटल्यावर सगळे खूश. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन उतरत होतं, डिस्चार्ज कार्डावर लिहिलं, आठ दिवस विश्रांती, नंतर नेहमीची कामं. बाकीचं सगळं नीट पाहिलं पण हार्ट पुन्हा कधी बघायचं याचा एक शब्द त्या कार्डावर नव्हता. भावाचा पहिला प्रश्न, "ताई, ग्राउंडले कधी जाऊ?" आणि मामी म्हणे, "आता बरा हाये ना तो, कायले पुन्हा पुन्हा मशीन?"

मी ऐकलं नाही. त्या पंधरा दिवसांत रात्री बसून जे सापडेल ते वाचत गेले आणि एका प्रश्नापाशी अडकले. दमल्यावर तर निरोगी हार्टसुद्धा मंदावतं. १९८७ मध्ये हवाईच्या आयर्नमॅन शर्यतीतल्या खेळाडूंचे इको प्रसिद्ध झाले, संपल्या संपल्या हार्टची ताकद उतरलेली आणि एक-दोन दिवसांत परत जागेवर. २०१२ मध्ये ४० खेळाडूंचा अभ्यास आला, त्यात लांब शर्यतीनंतर डावा कप्पा ठीकठाक पण उजवा ताणलेला, आणि बहुतेकांचा आठवड्याभरात पूर्ववत. ट्रोपोनिनसुद्धा मॅरेथॉननंतर भल्याभल्यांचं वाढतं. मग उष्माघाताने किती बिघडलं आणि नुसत्या पळण्याने किती, हे वेगळं कसं करणार? मला पटलेलं उत्तर असं की वेळेने. पळण्याचा थकवा एका दिवसात, फार तर आठवड्यात ओसरतो. त्याच्याही पुढे जे उरतं त्याकडे लक्ष द्यायचं. म्हणजे एक इको करून काही कळत नाही, इकोंची मालिका लागते. आणि शास्त्रीय अभ्यास करायचा तर तेच अंतर त्याच उन्हात पळून धडधाकट राहिलेल्या मुलांशी तुलना हवी.

दुसरी एक गोष्ट वाचून मी खरंच घाबरले. २०२० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांना गरम खोलीत चाकावर पळवून उष्माघात आणला. उंदीर उठून बसले, बरे दिसायला लागले, आणि दोन आठवड्यांच्या सुमारास त्यांच्या हृदयाच्या स्नायूत ऊर्जेच्या चयापचयाचा बिघाड दिसायला लागला. उंदीर म्हणजे माणूस नाही, मान्य. पण अमेरिकन सैन्याच्या जुन्या नोंदींमध्येही उष्णतेच्या आजाराने ॲडमिट झालेल्यांचे पुढच्या वर्षांतले मृत्यू अपेंडिक्ससाठी ॲडमिट झालेल्यांपेक्षा साधारण ४० टक्के जास्त निघाले होते, तो अभ्यास २००७ चा. आमच्या डिस्चार्ज कार्डावरचे आठ दिवस आणि त्या उंदरांचे चौदा दिवस, माझ्या डोक्यात एवढंच फिरत होतं.

चौथ्या आठवड्यात परत इको केला. ईएफ ६०. यावेळी मी स्ट्रेनही काढला. हा आकडा समजून घ्या कारण माझ्या मते अशा पेशंटमध्ये तोच कामाचा आहे. हृदयाच्या स्नायूच्या चित्रात बारीक ठिपके दिसतात, सॉफ्टवेअर एकेका ठिपक्याचा माग काढतं आणि स्नायू लांबीत किती टक्के आखडला ते सांगतं. निरोगी माणसात उणे २० च्या आसपास. ईएफ ठीक असतानाही हा आधी घसरतो कारण सगळ्यात आतले, उभे धागे पहिल्यांदा दुखावतात. भावाचा उणे १५ आला. स्क्रीनवर गडद लाल दिसायला हवं तिथे फिकट गुलाबी ठिगळं. बाहेरून पोरगा एकदम तगडा, जेवतोय, हसतोय.

सरांनी एमआरआय लिहिला. क्रिएटिनिन ३ पर्यंत गेलं होतं त्यामुळे आधी काढता आला नसता, निदान डाय देऊन नाही, कारण त्या डायमधलं गॅडोलिनियम किडनीतून बाहेर पडतं आणि किडनी फारच मंदावलेली असेल तर ते धोक्याचं. आता ०.९ होतं. मामाने घरात राखून ठेवलेली तूर विकली आणि आम्ही पहाटेच्या गाडीने नागपूरला गेलो. तासभर नळीत, दर थोड्या वेळाने श्वास रोखायचा, बाहेर आल्यावर म्हणाला १६०० मीटर सोपं आहे ताई याच्यापेक्षा.

इकोत हार्ट हलताना दिसतं, एमआरआयमध्ये त्याचं मांस दिसतं, हा मोठा फरक. टी२ मॅपिंग स्नायूतलं पाणी म्हणजे सूज दाखवतं. टी१ मॅपिंग सूज आणि आत पसरलेला तंतुमय बदल दोन्ही पकडतं. आणि डाय दिल्यावर दहा-एक मिनिटं थांबून जे फोटो काढतात त्यात निरोगी स्नायू काळा दिसतो, जिथे पेशी मेल्यात किंवा व्रण आहे तिथे डाय अडकून पांढरी रेघ उमटते. ही पांढरी रेघ नको एवढंच मी देवाला मागत होते, कारण व्रण असेल तर पुढे पळताना ठोक्यांची लय बिघडायचा धोका राहतो. शिवाय एमआरआयने दुसराही प्रश्न सुटतो, आधीपासूनच काही दोष होता का, जाड स्नायूचं हार्ट, उजव्या कप्प्याचा आनुवंशिक आजार, चुकीच्या जागेवरून निघालेली कोरोनरी म्हणजे हार्टला रक्त पुरवणारी रक्तवाहिनी. कारण ग्राउंडवर पडलेला प्रत्येक मुलगा उन्हानेच पडतो असं नाही, आणि हार्टने पडलेल्यावर उन्हाचा शिक्का मारून मोकळं होणं फार महागात पडतं.

रिपोर्ट असा आला. रचना नॉर्मल, कोरोनरी जागेवर, व्रण नाही. टी२ किंचित वाढलेला, म्हणजे सूज अजून पूर्ण गेलेली नाही. महिना उलटून गेल्यावर.

सरांनी मायोकार्डायटिसच्या, म्हणजे हृदयाच्या स्नायूला सूज आलेल्या पेशंटला लावतात तोच हिशोब लावला, तीन महिने पळणं बंद, फक्त चालायचं. भाऊ आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. भरती चुकली त्याची, वयाची अट पुढे उभी आहे, त्याचा राग मला समजतो. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटर पळताना मुलं गेली, त्यानंतर अंतर कमी झालं, ते चांगलंच झालं. पण सराव तर आजही भर उन्हात गावोगावच्या ग्राउंडवर चाललाय, तिथे ना कोणी सावलीचं तापमान बघतं ना आजारी पोराला घरी पाठवतं.

माझ्यासारखं काम करणाऱ्यांना एक विनंती. उष्माघाताच्या पेशंटचा इको असेल तर रिपोर्टवर पडून किती तास झाले, हार्ट रेट किती, बीपी किती, सलाईन किती गेलं, आयव्हीसी कशी, हे सगळं लिहा. नुसता ईएफ लिहू नका. मी लिहिला होता. आणि शक्य असेल तिथे स्ट्रेन काढून ठेवा, पुढच्या वेळी तुलनेला काहीतरी हातात असेल. घरच्यांनी डिस्चार्जच्या वेळी विचारा की पुढचा इको कधी, आणि तारीख कार्डावर लिहून घ्या.

ऑगस्टच्या शेवटी तिसऱ्या महिन्याचा इको केला. ईएफ ६२, स्ट्रेन उणे १९. ट्रेडमिल टेस्ट पूर्ण केली, ठोके नीट, बीपी नीट. आता पहाटे साडेपाचला तो हळूहळू पळतो, दोन मिनिट पळणं दोन मिनिट चालणं, मामा स्कूटरवर पाण्याचा थर्मास आणि बर्फाची पिशवी घेऊन मागे असतो. पुढचा एमआरआय दिवाळीनंतर आहे.