चादरीच्या सुतापासून खाटेवरच्या मागापर्यंत

आमचा मूळ धंदा सुताचा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या चादर-टॉवेलच्या कारखान्यांना सूत पुरवायचं आणि बीम (उभे धागे गुंडाळलेला रूळ) संपताना उरलेलं सूत वजनावर परत घ्यायचं. आज त्याच गाळ्यात खाटेवर बसून विणायचे छोटे माग तयार होतात. घेणारे म्हणजे किमो चालू असलेले, डायलिसिसवरचे, महिनोन्‌महिने गोळ्या खाणारे टीबीचे रुग्ण. बहुतेक वेळा विचारायला येतात ती त्यांची मुलं-सुना.

रुग्णांसाठी म्हणून बाजारात रंगवायची पुस्तकं पुष्कळ मिळतात. वाईट नाहीत. पण चित्र अर्ध्यावर सुटलं की रंग वाळतो, ब्रश कडक होतो आणि काल डोक्यात काय होतं ते पुन्हा आठवत बसावं लागतं. विणकाम कुठल्याही फेरीला सोडता येतं. मळमळलं, नर्स आली, डोळा लागला, तरी धागा तिथेच असतो आणि पुढची फेरी कुठली ते मागाच्या चौकटीकडे बघून कळतं. किमोनंतर लक्ष टिकत नाही अशी अनेकांची तक्रार असते, त्यांना याचाच उपयोग जास्त होतो. शिवाय आजारपणात जेवण, औषध, उठणं-बसणं सगळं दुसरेच ठरवतात. पुढची फेरी डाळिंबी घ्यायची की हिरवी, हे मात्र ज्याचं त्यानं ठरवायचं.

ही कल्पना काही आमची नाही. ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल टीबीच्या सॅनेटोरियममध्ये उपचार घेत असताना चित्रं काढत होते. ‘आर्ट थेरपी’ हा शब्द १९४२ मध्ये त्यांनीच रूढ केला. फ्रेंच चित्रकार आंरी मातिस यांच्यावर १९४१ मध्ये कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि नंतर फार वेळ उभं राहणं जमेना. मग मदतनिसांनी कागद रंगवून द्यायचे आणि त्यांनी खाटेवर किंवा चाकाच्या खुर्चीत बसून कात्रीने आकार कापायचे, असं काम सुरू झालं. आम्ही मातिसचाच कित्ता गिरवतो. ताकदीचं काम मदतनिसाकडे, निर्णय रुग्णाकडे. म्हणून आमच्या संचात उभे धागे ताणूनच येतात. ते ताणण्यातच माणूस थकला तर पुढे विणणार कोण?

खरं काम सुतावर आहे. बीमच्या शेवटाला उरलेलं सूत ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं असतं, त्याला खळ लावलेली असते. कारखान्यात ती हवीच, नाहीतर धागा फणीत घासून तुटतो. पण खाटेवर तीच खळ भुकटी होऊन झडते, खोकला आणते, आणि ओली झाली की आंबूस वास मारते. किमोच्या दिवसांत नाक इतकं हळवं असतं की उदबत्तीही सोसत नाही. म्हणून सुताच्या लड्या रात्रभर पाण्यात भिजवायच्या, दुसऱ्या दिवशी बिनवासाच्या साबणाने गरम पाण्यात धुवायच्या, तीनदा खंगाळायच्या आणि उन्हात खडखडीत वाळवायच्या. उन्हाला सोलापुरात तोटा नाही. वाळलेल्या लडीवर ओलं पांढरं फडकं दाबून चोळतो. फडक्याला रंग लागला तर ती लडी बाद. लाल आणि मरून यांत सर्वांत जास्त जातात.

सूत २/१० नंबरचं, म्हणजे दहा नंबरचं दुपदरी. आडव्या धाग्याला असे चार धागे एकत्र घेतो. बारीक सुताने काम देखणं होतं, पण फेऱ्या इतक्या लागतात की माणूस कंटाळतो. चौकट २० बाय २८ सेंटीमीटर, खाचा ६ मिलिमीटरवर, उभे धागे २५. विणलेली पट्टी साधारण साडेचौदा सेंटीमीटर रुंद होते. २० सेंटीमीटर लांबीला साधारण १० ग्रॅम सूत पुरतं. आम्ही पाच रंगांत ३५ ग्रॅम देतो, कारण मोजून दिलं तर रंग निवडायला वाव राहत नाही.

सगळ्यात जास्त बिघडते ती कड. आडवा धागा सरळ ओढला की पट्टी मध्येच कमरेसारखी अरुंद होते. धागा विणताना उभ्याच्या वर-खाली वाकतो, त्यात त्याची लांबी खर्ची पडते आणि ती भरून काढायला तो कडा आत ओढतो. उपाय एकच : धागा कमानीसारखा सैल टाकायचा आणि मग फणीने खाली दाबायचा. निरोगी माणसाच्या बोटांना हा ताण कळतो. पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झॅलिप्लॅटिन, व्हिंक्रिस्टिन अशा किमोच्या औषधांनी बोटं बधिर झालेल्यांना तो कळतच नाही. त्यांच्यासाठी उभ्या धाग्यांखाली साडेचौदा सेंटीमीटर रुंदीची पिवळी पुठ्ठ्याची पट्टी सरकवतो. कडेला पिवळं दिसलं की धागा ओढला गेला. बोटांचं काम डोळ्यांनी करायचं. सुई लाकडी, चपटी, बोथट, आणि मुठीत धरायला फोमची नळी चढवलेली. धातूची सुई देत नाही. प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असताना टोचणं परवडत नाही आणि ऑक्झॅलिप्लॅटिननंतर काही दिवस गार धातूच्या नुसत्या स्पर्शाने हाताला झिणझिण्या येतात.

विणत वर जावं तसा उभ्या धाग्यांचा ताण वाढतो. त्यासाठी खालच्या कडेला धाग्यांखाली ४ मिलिमीटरची काडी असते. सुई अडायला लागली की ती काढून घ्यायची.

डायलिसिसच्या रुग्णाचं गणित वेगळं. चार तास एका जागी, आणि फिस्टुलाचा, म्हणजे सुया टोचलेला हात हलवायचा नाही. चौकट टेबलाला दोन शिकंज्यांनी आवळतो म्हणजे एका हाताने भागतं. एकाआड एक धागे उचलणारी ३ सेंटीमीटरची पट्टी उभी केली की निम्म्या फेऱ्या सुई नुसती आरपार जाते. शेवटच्या तासात रक्तदाब उतरू शकतो, पायात गोळे येऊ शकतात, म्हणून काम पहिल्या दोन तासांतच. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढलेल्यांनी वीस मिनिटांनी थांबावं. हात सुजला किंवा जड वाटला तर काम बंद आणि डॉक्टरांना दाखवावं.

किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. तेव्हा शाडू, माती, सुकी फुलं आणि रंगांचं साठलेलं पाणी जवळ नको, कारण त्यात बुरशी आणि जंतू असतात. वॉर्डात फिरणाऱ्या चौकटी आम्ही प्लास्टिकच्या करतो, ७० टक्के अल्कोहोलने पुसता येतात म्हणून. लाकडी चौकट एकाच रुग्णाची.

दुकानदार मागतात ते ‘कॅन्सरवर गुणकारी’ असलं लेबल. आम्ही ते लावत नाही, ऑर्डर गेली तरी चालेल. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात ४५ मिनिटं कलाकृती केल्यावर सुमारे ७५ टक्के लोकांचं कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) उतरलं होतं, पण ते ३९ जण निरोगी होते. तो आकडा रुग्णाच्या डब्यावर छापणं म्हणजे फसवणूक.

नक्षी आम्ही अर्धीच देतो. चादरीचा नक्षीकार चौकोनांच्या कागदावर ग्राफ काढतो, तसाच ग्राफ, फक्त डावी बाजू भरलेली. उजवीकडे मोर पुरा करावा की नुसते पट्टे ओढावेत, ते आपापलं.

पट्टी उतरवताना घरच्यांनी मदत करावी. उभे धागे जोडीजोडीने खाचेतून काढून कडेला चिकटून गाठ मारायची, मगच टोकं कापायची. आधी कापलं की शेवटच्या फेऱ्या सुटतात. चार बोटांची पट्टीही अशीच उतरते, पूर्ण लांबी भरलीच पाहिजे असं नाही. उरलेलं सूत मात्र परत पाठवू नका. रुग्णाने हाताळलेलं सूत आम्ही दुसऱ्याला देत नाही.