रात्री लॅबचं दार उघडायचं कुणी? : माझा अनुभव

जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या कॅम्पसवर मी केळीच्या ऊतिसंवर्धनावर, म्हणजे टिश्यू कल्चरवर, पीएच.डी. करतेय. ग्रँड नैन या केळीच्या जातीची रोपं बाटल्यांत वाढतात, ती ग्रोथ रूम २५ अंशांच्या आसपास ठेवावी लागते. बाहेर मे महिन्यात पारा ४५ गाठतो. रात्री एसी बंद पडला तर धावत जाऊन बाटल्या वाचवायच्या, नाहीतर कित्येक महिन्यांचं काम वाया.

किल्ली आमच्या शिपाई आप्पांच्या जुडग्यात. संध्याकाळी ते जुडगं वॉचमनकडे जमा. रात्री जायचं तर आधी त्याला शोधा, मग रजिस्टरवर सही करा. शिवाय बाजारात किल्लीची नक्कल काही मिनिटांत होते आणि तिची नोंद कुठेच राहत नाही. किल्ली हरवली की कुलूपच बदलायचं.

म्हणून विभागात किल्लीऐवजी दार उघडायचं कार्ड आलं तेव्हा मी पहिल्याच दिवशी अर्ज भरला. गाईडची सही, विभागप्रमुखांची शिफारस, मग संगणक कक्ष. एवढं पटापट झालं. अडलं ते वेळेच्या रकान्यात. संशोधक विद्यार्थ्यांना सकाळी ९ ते संध्याकाळी ६ एवढीच परवानगी होती, मुलींच्या बाबतीत तर 'रात्री कशाला?' हा प्रश्न ठरलेलाच. मी तापमानाची नोंदवही घेऊन विभागप्रमुखांसमोर बसले. "सर, एसी ऑफिसची वेळ बघून बंद पडत नाही," म्हटलं. त्यांनी पानं उलटून बघितली आणि २४ तासांची परवानगी लिहून दिली, फक्त ग्रोथ रूमच्या दारासाठी. मला हे फार आवडलं. एकच दार, एकच नाव, आणि कोण किती वाजता आत गेलं याची नोंद. जुडग्यात असं वेगळं करता येत नाही.

मग लाईट गेली. आमच्या दाराला वर चौकटीत विद्युतचुंबक आहे, दारावर लोखंडी पट्टी. वीज आहे तोवर चुंबक पट्टी धरून ठेवतो. वीज गेली की सोडतो. आग लागली तर माणसं आत अडकू नयेत म्हणून तसंच हवं. पण बॅकअपची बॅटरी उतरली होती, आणि दार नुसतं ढकललं तरी उघडत होतं. आप्पा धावत आले, "काय व्हयनं ताई?" त्यांनीच जुनं कुलूप आणून लावलं. त्या दिवसापासून साधं कुलूप दाराला कायम आहे, त्याची किल्ली सीलबंद पाकिटात विभागप्रमुखांच्या कपाटात.

खरा घोर मला कार्ड कुणाकुणाचं चालू आहे त्या यादीचा वाटतो. पीएच.डी. संपवून गेलेल्या एका सीनियरचं कार्ड अजून चालत होतं. कार्ड बंद करायला संगणकावर क्षणभर लागतो, पण संगणक कक्षाला कळवणार कोण? आता 'नो ड्यूज'च्या फॉर्मवर कार्ड जमा केल्याची ओळ घालून घेतलीय.

आणखी एक गोष्ट. आमची कार्डं १२५ किलोहर्ट्झच्या रेडिओलहरींवर चालणारी आहेत. ती रीडरला, म्हणजे दाराजवळच्या कार्ड वाचणाऱ्या यंत्राला, एक ठरलेला नंबर सांगतात, बस्स. त्याची नक्कल स्वस्तातल्या यंत्रावर होते. त्याहून वरच्या, १३.५६ मेगाहर्ट्झची सगळीच कार्डं सुरक्षित असतात असंही नाही. त्यातल्याच मायफेअर क्लासिक या कार्डाचं कूटलेखन, म्हणजे माहिती गुप्त ठेवायची पद्धत, २००८ मध्येच संशोधकांनी फोडलं. नव्या इमारतीसाठी मागणीपत्र तयार होतंय, त्यात मी एईएस या जास्त भक्कम कूटलेखनाची कार्डं लिहायला लावलीत आणि प्रत्येक दाराच्या बॅटरीची दर महिन्याला तपासणीसुद्धा. विभागप्रमुखांची सही झालीय, फाईल आता हिशेब विभागात आहे.