आमच्याकडे तर एका सेल्फात चालू होते!

साताऱ्यात मंगळवार तळ्याच्या वरच्या अंगाला जे राहतात, त्यांना आमची गल्ली कशी आहे ते सांगायला नको. निम्मा घाटच. गाडी लावायची ती तोंड चढाकडे करून आणि मागच्या चाकाला दगड देऊन. माझी डिझेल गाडी १० वर्षांची. गेल्या दिवाळीत सर्व्हिसिंग झालं आणि डिसेंबरात तिनं सकाळचे नखरे सुरू केले. सेल्फ मारला की इंजिन जोरात फिरायचं, पण पकडायचं नाही. १५-२० सेकंदांनी अर्धवट पकडायचं, धापा टाकायचं, पांढरा धूर सोडून बंद. तिसऱ्या-चौथ्या खेपेला चालू. मग दिवसभर नुसती चावी दाखवली तरी सुरू.

सगळे म्हणाले, थंडी. पोवई नाक्यावर बॅटरी तपासली: १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.४. ठणठणीत. हीटर प्लग (थंड इंजिन सुरू होताना आतून तापवणारे) बदलून घेतले. जानेवारी गेला, फेब्रुवारीत घाम यायला लागला, तरी सकाळचं रडगाणं तेच. मग एमआयडीसीकडच्या गॅरेजला गाडी टाकली. इथून पुढचं लिहितानाही डोकं तापतं.

पहिल्या दिवशी स्कॅनर लावला, 'एरर नाही.' म्हटलं, एरर नसेल, पण गाडी सकाळी चालू होत नाही. 'ठेवून जा, सकाळी बघतो.' दुसऱ्या दिवशी ११ वाजता गेलो. सुपरवायझरनं माझ्यासमोर चावी फिरवली. भुर्र! "बघा, आमच्याकडे तर एका सेल्फात चालू होते." चेहऱ्यावर असा भाव, की मलाच चावी फिरवता येत नसावी. गाडी घरी आणली. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. परत गॅरेज, परत ११ वाजता भुर्र. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी म्हणाले, सेल्फ मोटर कमजोर असेल. बदलली, साडेसहा हजार. (सेल्फ झकास फिरतोय हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो.) फरक शून्य. मग निघाले इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे. चार इंजेक्टर आणि पंप मिळून खर्चाचा आकडा ऐकून मी तिथल्या बाकावर बसलो.

बसलो म्हणून गेटवरच्या वॉचमनकाकांशी बोलणं झालं. सहज विचारलं, सकाळी गाडी कशी चालू होते हो? म्हणाले, "कसली चालू होतीय! आठ वाजता पोरं शेडमधल्या गाड्या बाहेर काढत्यात, तवा तुमची लई कुथती. तिघं ढकलत हुती काल."

म्हणजे पोरं आठला धडपडून गाडी चालू करत होती आणि तीन तासांनी सुपरवायझर मला गरम इंजिन चालू करून दाखवत होता. पोरांनी त्याला सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही. गाडी दाखवायला न्याल तेव्हा रात्रभर तिथे ठेवा आणि सकाळचा पहिला सेल्फ तुमच्यासमोर मारायला लावा. त्याआधी कुणी हात लावला नाही ना, हे वॉचमनला विचारा, सुपरवायझरला नव्हे.

गाडी उचलली ती थेट रहिमतपूरला, मेव्हण्याकडे. तो ट्रॅक्टर दुरुस्त करतो. त्यानं बॉनेटसुद्धा उघडलं नाही. पहिला प्रश्न, "दाजी, गाडी लावता कशी? तोंड वर का खाली?" वर, म्हटलं. "मग एअर धरतीय ती. रात्री डिझेल मागं टाकीत उतरतंय."

मी म्हटलं, अरे, खाली थेंब नाही. तो हसला. टाकीपासून पंपापर्यंत डिझेल ओढून आणलं जातं. त्या वाटेवर चीर पडली, तर डिझेल बाहेर येतंच असं नाही, हवा आत जाते. वर हवा शिरली की डिझेल खाली घसरतं, आणि चढावर तोंड असलं तर लवकर. रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीत, हवा असेपर्यंत दाब होत नाही आणि दाब झाल्याशिवाय इंजेक्टर उघडत नाहीत. म्हणून इंजिन नुसतं फिरत राहतं.

रात्री त्यानं फिल्टर आणि पंपाच्या मध्ये हातभर पारदर्शक नळी बसवली आणि गाडी बांधावर तोंड वर करून लावली. सकाळी बघतो तर नळी निम्मी रिकामी. सेल्फ मारला तेव्हा तिच्यातून सोड्यासारखे बुडबुडे पळाले. फिल्टरच्या बुडाशी पाणी सोडायचा स्क्रू असतो, त्याची रबरी रिंग एका बाजूनं चिरडलेली निघाली. दिवाळीत फिल्टर बदलताना कुणीतरी कोरडीच आवळली होती. नवी रिंग ३० रुपयांची. बोटानं डिझेल लावून हातानं बसवली, मग पाना.

हे घरी तपासायला नळीही लागत नाही, हे नंतर कळलं. फिल्टरजवळ काळा रबरी फुगा असेल (सगळ्या गाड्यांना नसतो), तर सकाळी सेल्फ मारण्याआधी तो कडक होईपर्यंत दाबायचा, म्हणजे डिझेल पुढं भरतं. त्यानंतर गाडी पटकन चालू झाली, तर बहुतेक हवाच. फुगा नसेल तर एक रात्र तोंड उताराकडे करून लावून बघा. आणि १० सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. माझा जुना सेल्फ बहुतेक मीच अर्धा जाळला असणार. इंजिनात हवा ओढली जाते त्या वाटेत स्टार्टिंग स्प्रे (चटकन पेट घेणारा फवारा) मारायचा सल्लाही एकानं दिला होता. हीटर प्लग तापलेले असताना तो भडकतो, म्हणून नकोच.

गॅरेजला सांगायला गेलो नाही. वॉचमनकाकांना मात्र पाव किलो कंदी पेढे नेऊन दिले. त्यांनी एक तोंडात टाकला आणि शेडकडे बोट केलं. "ती पांढरी दिसतीय ना, ती बी सकाळी कुथतीय. मालक अकराला येतो."