ठरलेला पगार आणि न मिळणारा ओव्हरटाइम

अमेरिकेत नोकरीला लागताना हाती पडणाऱ्या ऑफर लेटरमध्ये पगाराच्या आकड्याजवळ बहुधा ‘एक्झेम्प्ट’ (ओव्हरटाइमच्या नियमातून वगळलेला) किंवा ‘नॉन-एक्झेम्प्ट’ (न वगळलेला) अशी नोंद असते. पगाराचा आकडा आपण चार वेळा वाचतो. ही नोंद मात्र कंपनीची अंतर्गत बाब समजून सोडून देतो. मी पगारपत्रकांच्या कामात असल्याने ओळखीपाळखीचे लोक मला याविषयी विचारत असतात, आणि त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट जवळजवळ नेहमी गृहीत धरलेली असते : पगार तासांवर नाही, हुद्द्यात ‘मॅनेजर’ आहे, तेव्हा ओव्हरटाइमचा प्रश्नच येत नाही. कायदा असे म्हणत नाही.

हा कायदा म्हणजे १९३८ चा फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट. महामंदीच्या काळात, एका माणसाला रात्रंदिवस राबवण्यापेक्षा दुसऱ्याला कामावर घेणे मालकाला परवडावे, या हेतूने त्यात जादा तासांना दीडपट मजुरी लावण्यात आली. आरंभी ही मर्यादा आठवड्याला ४४ तासांची होती. १९४० पासून ती ४० तासांवर आली आणि आजही तेवढीच आहे. कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या कर्मचाऱ्याला ओव्हरटाइम मिळणे हा नियम आहे आणि ‘एक्झेम्प्ट’ असणे हा अपवाद. तो अपवाद लागू होतो हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची असते, कर्मचाऱ्याची नव्हे.

कार्यालयीन नोकऱ्यांपुरते पाहिले, तर या अपवादात बसण्यासाठी साधारणपणे तीन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. त्यांपैकी किमान पगाराच्या अटीची वर्तमानपत्रांत सर्वाधिक चर्चा होते, पण माझ्या मते तीच सर्वांत कमी गुंतागुंतीची आहे. आठवड्याला ६८४ डॉलर, म्हणजे वर्षाला ३५,५६८ डॉलर, ही ती मर्यादा. २०२४ मध्ये ती टप्प्याटप्प्याने वाढवण्याचा नियम झाला होता, परंतु त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टेक्सासमधील संघीय न्यायालयाने तो रद्द केला आणि जुना आकडा परत आला. यापेक्षा कमी पगार असलेला कार्यालयीन कर्मचारी सहसा एक्झेम्प्ट ठरू शकत नाही. जास्त पगार असलेला मात्र केवळ त्या कारणाने एक्झेम्प्ट ठरत नाही.

दुसरी अट पगार देण्याच्या पद्धतीची. आठवड्यात थोडेही काम केले असेल, तर काही मोजके अपवाद वगळता त्या आठवड्याचा पगार पूर्ण मिळाला पाहिजे. दुपारी दोन तास लवकर घरी गेलात म्हणून दोन तासांचे पैसे कापले जात असतील, तर मालक तुम्हाला प्रत्यक्षात तासांवरच पगार देत आहे, आणि हा त्याचा नेहमीचा प्रघात असेल तर अपवादाचा आधारच निघून जातो. ही अट किती कडक आहे हे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या हेलिक्स एनर्जी या कंपनीच्या प्रकरणात दिसले. समुद्रातील तेलविहिरीवर देखरेख करणाऱ्या त्या कर्मचाऱ्याची कमाई वर्षाला दोन लाख डॉलरच्या वर होती, परंतु ती दिवसाच्या दराने मिळत होती. एवढ्या कमाईवरही तो ओव्हरटाइमला पात्र आहे, असा निकाल सहा विरुद्ध तीन मतांनी लागला.

खरा वाद होतो तो तिसऱ्या अटीवर, म्हणजे कामाच्या स्वरूपावर. व्यवस्थापकीय अपवादासाठी व्यवस्थापन हे मुख्य काम असावे लागते, किमान दोन पूर्णवेळ कर्मचारी हाताखाली असावे लागतात, आणि माणसे नेमण्या-काढण्याचा अधिकार किंवा त्याबाबतच्या शिफारशीला विशेष वजन असावे लागते. प्रशासकीय अपवादासाठी महत्त्वाच्या बाबींत स्वतःच्या विवेकाने निर्णय घेण्याची मोकळीक हवी. दुसऱ्याने आखून दिलेल्या नियमावलीनुसार अर्ज तपासणे म्हणजे असा निर्णय नव्हे, मग हुद्द्यात ‘ॲनालिस्ट’ किंवा ‘स्पेशालिस्ट’ काहीही असो. सर्वांत अवघड जागा साहाय्यक व्यवस्थापकाची असते. दिवसाचा बराचसा वेळ तो गल्ल्यावर उभा राहतो, माल रचतो, आणि त्याच वेळी दुकानाची जबाबदारीही त्याच्यावर असते. संघीय नियमांत केवळ वेळ मोजून भागत नाही, त्याचे मुख्य कर्तव्य कोणते हे पाहिले जाते, त्यामुळे असा माणूस एक्झेम्प्ट ठरू शकतो. कॅलिफोर्नियात मात्र निम्म्याहून अधिक वेळ प्रत्यक्ष व्यवस्थापनात गेला पाहिजे, त्यामुळे तोच माणूस तिथे ओव्हरटाइमचा हक्कदार होऊ शकतो. मला कॅलिफोर्नियाची कसोटी अधिक प्रामाणिक वाटते, कारण ती जबाबदारीच्या नावाखाली लपता येऊ देत नाही.

आपल्या लोकांच्या दृष्टीने संगणक क्षेत्राचा अपवाद जिव्हाळ्याचा. प्रोग्रॅमर, सॉफ्टवेअर इंजिनिअर, सिस्टिम्स ॲनालिस्ट यांना तासावर पगार देऊनही एक्झेम्प्ट ठेवता येते. त्यासाठी ताशी किमान २७.६३ डॉलर द्यावे लागतात. हा विचित्र आकडा १९९६ पूर्वीच्या ४.२५ डॉलर किमान वेतनाच्या साडेसहापट आहे. पुढे किमान वेतन ७.२५ डॉलर झाले, पण १९९६ मध्ये हा दर कायद्यातच गोठवला गेल्याने तो आहे तिथेच राहिला. मात्र हा अपवाद संगणकावर बसणाऱ्या प्रत्येकासाठी नाही. ज्याचे काम यंत्रणेची रचना, विश्लेषण किंवा प्रोग्रॅमिंग नसून वापरकर्त्यांच्या अडचणी सोडवणे आणि ठरल्या पद्धतीने सॉफ्टवेअर बसवणे एवढेच आहे, असा हेल्प डेस्कवरील कर्मचारी त्यात सहसा बसत नाही. व्हिसा एच-वन-बी असल्याने यात काही फरक पडत नाही, हेही येथे सांगून ठेवतो.

नॉन-एक्झेम्प्ट ठरल्यावरही हिशेब सरळ असतोच असे नाही. समजा ताशी दर २० डॉलर आहे, आठवड्यात ५० तास काम झाले आणि त्याच आठवड्यासाठी आधी कबूल केलेला १०० डॉलरचा बोनस मिळाला. पुष्कळ ठिकाणी ४० तासांचे ८००, दहा तासांचे दीडपटीने ३०० आणि वर बोनस, असे १,२०० डॉलर दिले जातात. परंतु असा बोनस दरात मिसळावा लागतो : ५० तासांचे १,००० आणि बोनसचे १०० मिळून १,१००, त्याला ५० ने भागले की दर २२ डॉलर. सर्व ५० तासांचा एकपट दर या १,१०० मध्ये आलेलाच आहे, म्हणून जादा दहा तासांवर त्याचा निम्मा, म्हणजे ११० डॉलर, वाढीव द्यावा लागतो आणि एकूण १,२१० होतात. दहा डॉलर एका माणसाला किरकोळ वाटतील, पण हजार माणसांच्या कंपनीत वर्षभर हीच चूक चालू राहिली की रक्कम लाखांत जाते.

एका आठवड्यात ५० आणि दुसऱ्यात ३० तास, म्हणून सरासरी ४०, असे मांडता येत नाही. प्रत्येक आठवडा स्वतंत्र धरला जातो. खासगी कंपनीला ओव्हरटाइमऐवजी पुढे कधीतरी सुट्टी देऊन मोकळे होता येत नाही. ती सवलत सरकारी आस्थापनांना आहे. परवानगीशिवाय जादा थांबलेल्याला मालक समज देऊ शकतो, पण ते काम त्याने होऊ दिले असेल तर त्याचे पैसे द्यावेच लागतात. कर्मचाऱ्याने ‘मला ओव्हरटाइम नको’ असे लिहून दिले, तरी त्या कागदाला किंमत नाही.

थकलेली रक्कम मागण्याची मुदत दोन वर्षांची आहे आणि उल्लंघन जाणूनबुजून केलेले असेल तर तीन वर्षांची. ही मुदत प्रत्येक पगाराच्या तारखेपासून मोजली जाते, त्यामुळे थांबणाऱ्याचा सर्वांत जुना हक्क दर पगारागणिक बुडत जातो. दावा सिद्ध झाल्यास थकबाकीइतकीच आणखी रक्कम भरपाई म्हणून मिळू शकते; आपले वागणे कायदेशीर आहे असे मानायला वाजवी कारण होते, हे मालकाने दाखवले तरच न्यायालय ती कमी करू शकते. तक्रार केल्याबद्दल कामावरून काढणे बेकायदा आहे, आणि ती तक्रार तोंडी असली तरी हे संरक्षण मिळू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून वर्गीकरणाविषयी शंका असेल, तर रोज केव्हा आलो, केव्हा गेलो आणि त्या वेळात नेमके कोणते काम केले, याची नोंद आजपासूनच स्वतःच्या वहीत ठेवावी. एक्झेम्प्ट म्हणून नोंदलेल्या कर्मचाऱ्यांचे तास कंपनीने लिहून ठेवलेले नसतात.