स्ट्रॉत्सींचा वाडा आणि सिएनाचा किल्ला

फ्लॉरेन्सला गेलात तर पहिल्या सकाळी उफिझी या प्रसिद्ध चित्रसंग्रहालयाच्या रांगेत उभे राहू नका. आधी स्ट्रॉत्सींच्या वाड्याकडे जा. वाड्याच्या पायाशी दगडी बाक आहे. त्यावर बसा आणि मागच्या भिंतीवरून हात फिरवा. एकेक चिरा उशीसारखा फुगलेला आहे. घोडे बांधायच्या लोखंडी कड्या अजून जागेवर आहेत. आतल्या चौकात जायला तिकीट लागत नाही.

स्ट्रॉत्सी हे सावकारांचं घराणं, फ्लॉरेन्सवर सत्ता गाजवणाऱ्या मेदिची घराण्याचं वैरी. फिलिप्पो स्ट्रॉत्सीची तरुणपणची वर्षं हद्दपारीत गेली. नेपल्समध्ये पेढी चालवून तो गब्बर झाला, १४६६ मध्ये परतला आणि १४८९ मध्ये त्याने हा वाडा बांधायला काढला. मेदिचींचा वाडा इथून पायी दहा मिनिटांवर. एकाच दिवशी दोन्ही पाहिले की या दगडांतली चढाओढ डोळ्यांना दिसते. मात्र मेदिचींचा वाडा बुधवारी बंद असतो. आम्ही नेमके बुधवारी गेलो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खेप घालावी लागली. पण तिथल्या छोट्या देवघरातली बेनोत्सो गोत्सोलीने भिंतींवर रंगवलेली सोनेरी मिरवणूक पाहिल्यावर खेपेचं काही वाटलं नाही.

फिलिप्पोचा त्याच नावाचा मुलगा मेदिचींविरुद्ध लढताना १५३७ मध्ये पकडला गेला आणि पुढच्या वर्षी फोर्तेत्सा दा बास्सो या किल्ल्यात कैदेतच मेला. हा किल्ला रेल्वे स्टेशनजवळच आहे. या धाकट्या फिलिप्पोचा मुलगा पिएरो मेदिचींशी झुंजत राहिला, आणि त्या झुंजीच्या मागावर आम्ही फ्लॉरेन्सच्या जुन्या प्रतिस्पर्धी शहरात, सिएनाला गेलो.

सिएनाला बसनेच जा. जलद बस सव्वा तासात थेट गावात सोडते. रेल्वे स्टेशन टेकडीखाली आहे, तिथून वर यावं लागतं. गाव सगळं चढउताराचं, तेव्हा बूट चांगले हवेत. २ जुलै आणि १६ ऑगस्टला पालिओची घोड्यांची शर्यत असते. शर्यत पाहायची नसेल तर त्या दिवसांत जाऊ नका.

कॅथीड्रलमध्ये घुमटाखालच्या खांबांना दोन उंच लाकडी दांडे बांधलेले आहेत. १२६० मध्ये मोन्तापेर्तीला सिएनाने फ्लॉरेन्सला धूळ चारली, त्या वेळच्या युद्धरथाचे ते, असं सांगतात. बाहेर एक अवाढव्य भिंत एकटीच उभी आहे. १३३९ मध्ये सिएनाने कॅथीड्रल इतकं वाढवायचं ठरवलं की जुनं देऊळ नव्याची नुसती आडवी बाजू झालं असतं. १३४८ च्या प्लेगने ते काम कायमचं थांबलं. त्या भिंतीवर चढता येतं, आणि चढाच. वर उभं राहिलो तेव्हा या गावाने केवढं मोठं स्वप्न पाहिलं होतं ते कळलं, आणि गळा दाटून आला.

नगरसभेच्या वाड्यात अम्ब्रोजो लोरेन्झेत्तीने रंगवलेली सुराज्याची आणि कुराज्याची भिंतचित्रं आहेत. खोली खुली आहे का ते आधी पाहून घ्या. शहर चालवणारे नऊ जण, बहुतेक व्यापारी आणि सावकार, याच भिंतींमध्ये बसून निर्णय घेत. सुराज्याच्या चित्रात चांभाराचं दुकान शोधा.

१५५४ मध्ये पिएरो स्ट्रॉत्सी सिएनाचा सेनापती म्हणून लढला. समोर होता फ्लॉरेन्सचा सत्ताधीश कोसिमो दे मेदिची, आणि त्याच्या पाठीशी स्पेनचं बळ. २ ऑगस्टला मार्चानोजवळ पिएरो हरला. शहराला वेढा पडला, धान्य संपत आलं, लढू न शकणाऱ्यांना वेशीबाहेर काढण्यात आलं. एप्रिल १५५५ मध्ये सिएनाने हात टेकले. आजही नगरसभेच्या दर्शनी भिंतीवर, मधोमध, मेदिचींचं चिन्ह असलेले गोळे कोरलेली ढाल आहे. वाड्यासमोरच्या कांपो चौकात बसून वर पाहा, म्हणजे दिसेल.

कोसिमोने शहराच्या कडेला किल्लाही बांधला. आता ती बाग आहे. बसथांब्यापासून पाच-सात मिनिटं. परतीच्या बसची वेळ पक्की करून शेवटचा तास तिथे काढा. संध्याकाळी तटावर गावातले म्हातारे फेऱ्या मारतात, पोरं सायकली चालवतात, आणि समोर कॅथीड्रलचा घुमट आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मनोरा उन्हात उजळतो.